कोकणातल्या गरम कुंडांत बुडबुडे येतात, पण पाणी उकळत नाही. मग तो वायू येतो कुठून?

पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खोलवर जाऊन तापतं आणि वर येताना सोबत वायू घेऊन येतं. त्या वायूत नेमकं काय आहे यावरून खाली पाणी किती आहे, ते कुठून आलं आणि तिथे वीज तयार करता येईल का, हे सांगता येतं. पनवेलच्या आसपास सुरू होणारी ही गोष्ट कॅलिफोर्नियापर्यंत जाते.

पावसाळा संपला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेलं रील फिरायला लागतं. कोकणातलं एखादं गरम पाण्याचं कुंड, पाण्यावर वाफ, तळातून वर येणारे बुडबुडे आणि खाली कॅप्शन: 'इथे चोवीस तास पाणी उकळतं!' कमेंटमध्ये कुणी लिहितं, खाली ज्वालामुखी आहे. कुणी म्हणतं, गंधक आहे, अंघोळ केली की त्वचारोग जातात.

यातली पहिली गोष्ट सरळ चुकीची आहे. कोकणातल्या झऱ्यांचं तापमान साधारण 40 ते 70 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. पाणी उकळायला 100 अंश लागतात. म्हणजे जे बुडबुडे दिसतात ते वाफेचे नाहीत. तो वेगळाच वायू आहे आणि तो बहुतांशी गंधकाचाही नाही.

मग तो आहे तरी काय?

आधी पनवेलचा संबंध काय?

पनवेल म्हटलं की एक्स्प्रेस वे, कळंबोली सर्कल आणि एसटी स्टँड आठवतं. भूशास्त्राच्या पुस्तकांत मात्र हे नाव वेगळ्याच कारणासाठी येतं. 'पनवेल फ्लेक्शर' या नावाने.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. घाटावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारख्या ज्या रेषा दिसतात, त्या याच थरांच्या. पण कोकणात उतरलं की हे थर समुद्राच्या दिशेने वाकलेले आहेत. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण धावणाऱ्या या वाकलेल्या पट्ट्याला पनवेलचं नाव मिळालं आहे.

जाड कातळ वाकला की त्याला भेगा पडतात. कोकणात अशा भेगांचं जाळं आहे आणि त्यांच्या आसपासच गरम पाण्याचे झरे रांगेने सापडतात. उत्तरेला पालघर जिल्ह्यातलं सातिवली, मग भिवंडी तालुक्यातली वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि अकलोली. रायगडात पालीजवळचं उन्हेरे आणि महाडजवळचं सव. पुढे रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचं उन्हाळे.

उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही नावं एकापाठोपाठ वाचली की लक्षात येतं. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. गावांनी आपला भूगोल नावातच लिहून ठेवला आहे.

पाणी गरम कशामुळे होतं? खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. दख्खनचा लाव्हा कधीच थंड झाला. त्याची उष्णता आता उरलेली नाही.

पृथ्वीच्या पोटात जसजसं खाली जावं तसतसं तापमान वाढतं. जगाची सरासरी धरली तर दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश. कोकणात दरवर्षी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बराचसा नदी-ओढ्यांतून समुद्रात जातो. थोडं पाणी मात्र भेगांतून खाली झिरपतं. दोन-तीन किलोमीटर खोल गेलेलं हे पाणी शंभर अंशांच्या आसपास तापू शकतं. गरम पाणी हलकं असतं, म्हणून दुसऱ्या एखाद्या भेगेतून ते पुन्हा वर येतं. वाटेत थोडं निवतं, वरच्या थंड पाण्यात मिसळतं आणि कुंडात पोहोचेपर्यंत 50-60 अंशांवर येतं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड-हलकी रूपं, म्हणजे समस्थानिकं, मोजली की ते पाणी मूळचं कुठलं ते कळतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांचा असा अभ्यास केला आहे. उत्तर पावसाकडेच बोट दाखवतं.

पावसाचं पाणी खाली जाऊन तिथला साठा भरून काढतं, याला पुनर्भरण म्हणतात. बोअरवेलच्या बाबतीत हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. इथे फरक इतकाच की साठा काही किलोमीटर खोल आणि गरम आहे.

बुडबुड्यात काय आहे?

बहुतांशी नायट्रोजन. म्हणजे आपण श्वासात घेतो त्या हवेतला 78 टक्के भाग.

2000 साली इटलीचे अँजेलो मिनिसाले, आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य आणि पश्चिम भारतातल्या गरम झऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इथले वायू नायट्रोजनप्रधान असल्याचं आणि त्यांत हेलियमही असल्याचं दिसलं. ज्वालामुखीच्या भागात कार्बन डायऑक्साइडचा जो जोर असतो, तो इथे नाही.

हा नायट्रोजन आला कुठून? पावसासोबतच. पावसाचं पाणी हवेतून पडतं, जमिनीत मुरतं आणि जाताना थोडी हवा विरघळवून नेतं. एक लिटर पाण्यात साधारण 15 ते 20 मिलिलिटर हवा मावते. हीच हवा पाण्याबरोबर खोल जाते. तिथे ऑक्सिजन टिकत नाही, कारण खडकातल्या लोहाशी त्याची क्रिया होते, म्हणजे एका अर्थाने खडक गंजतो आणि ऑक्सिजन संपतो. नायट्रोजन आणि आरगॉन मात्र कुणाशी फारसे मिसळत नाहीत. ते तसेच राहतात.

आता चहाचं आधण आठवा. पाणी उकळायच्या बरंच आधी पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नसते. थंड पाण्यात विरघळलेली हवा गरम पाण्यात मावत नाही म्हणून बाहेर पडते. कुंडात तेच होतं. शिवाय वर येताना पाण्यावरचा दाब कमी होतो, सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखा. म्हणून बुडबुडे.

हेलियमची गोष्ट वेगळी. तो पावसातून जेमतेम येतो. खोल खडकांत युरेनियम आणि थोरियम असतं. त्यांचं हळूहळू विघटन होताना हेलियम तयार होतो. म्हणजे बुडबुड्यातला जास्तीचा हेलियम सांगतो की हे पाणी खोल खडकांत बराच काळ राहून आलं आहे.

मग काही कुंडांजवळ गंधकासारखा वास का येतो? तो हायड्रोजन सल्फाइडचा. आपलं नाक या वायूच्या बाबतीत इतकं तिखट आहे की एक अब्ज भागांत काही भाग असला तरी वास येतो. त्यामुळे वास आला म्हणजे हा वायू भरपूर आहे, असं होत नाही.

पुनर्भरणामुळे वायूंचं गणित कसं बदलतं?

मुख्यतः तीन प्रकारे.

*एक, पातळ होणं.* खाली साचलेल्या वायूंत नवं पाणी आलं की वायूंचं प्रमाण घटतं. हे नवं पाणी तापून त्याची वाफ झाली तर त्या वाफेत वायू कमी असतो. उलट, पाणी कमी होत गेलं तर उरलेल्या वाफेत वायूचा वाटा वाढतो.

*दोन, नवे वायू येणं.* पाणी पृष्ठभागावरून येतं, म्हणून सोबत हवेतले वायू आणतं. इथे आरगॉन शास्त्रज्ञांच्या फार कामाचा. हवेत आरगॉनच्या एका रेणूमागे नायट्रोजनचे सुमारे 84 रेणू असतात. पण आरगॉन पाण्यात जास्त विरघळतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेल्या हवेत हेच प्रमाण साधारण 40 पर्यंत खाली येतं. नमुन्यात 40 च्या आसपास आकडा आला तर वायू पाण्यात विरघळून आलाय. 84 च्या जवळ गेला तर हवेचे बुडबुडे पाण्यासोबत ओढले गेलेत किंवा नमुना घेताना बाटलीत हवा शिरलीय. त्याहून खूपच जास्त असेल तर नायट्रोजनचा दुसरा काही स्रोत आहे.

न्यूझीलंडमध्ये काम केलेले रसायनशास्त्रज्ञ वर्नर गिगेनबाख यांनी नायट्रोजन, आरगॉन आणि हेलियम यांचा एक त्रिकोणी आलेख वापरात आणला. नमुना कोणत्या कोपऱ्याकडे झुकतो यावरून वायू पावसाच्या पाण्यातला, खोल खडकातला की ज्वालामुखीचा, हे ओळखता येतं. भू-औष्णिक क्षेत्रात तो आजही वापरतात.

*तीन, रासायनिक क्रिया बदलणं.* थंड पाणी आलं की तापमान उतरतं आणि वायूंमधला जुना समतोल मोडतो. काही वायू नव्या तापमानाशी लवकर जुळवून घेतात. हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइड त्यातले. मिथेन मात्र संथ आहे. परिस्थिती बदलून बराच काळ गेला तरी त्याचं प्रमाण जुनंच तापमान सांगत राहतं. दोन्ही एकत्र मोजले की साठ्याचं 'आता' आणि 'आधी' दोन्ही दिसतं.

हे सगळं वीजनिर्मितीत का महत्त्वाचं?

1904 साली इटलीतल्या लार्देरेल्लो इथे पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले. भू-औष्णिक विजेची ती सुरुवात. तत्त्व सोपं आहे: वाफेने टर्बाइन फिरवायचं, मग वाफ थंड करून तिचं पाणी करायचं. वाफेचं पाणी झालं की तिथे पोकळी तयार होते आणि टर्बाइन जोरात चालतं.

अडचण वायूंची. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, नायट्रोजन यांचं थंड केल्यावर पाणी होत नाही. ते तसेच साचतात, पोकळी भरून टाकतात आणि त्यांना बाहेर काढायला वेगळी यंत्रणा चालवावी लागते. तेवढी वीज किंवा वाफ खर्ची पडते. वायू जितका जास्त, तितकी वीज कमी. शिवाय हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, त्यामुळे तो हवेत सोडण्याआधी काढावा लागतो. त्याचा खर्च वेगळा.

पाणी संपलं तर काय होतं? गीझर्सचा धडा

कॅलिफोर्नियातलं 'द गीझर्स' हे जगातलं सर्वांत मोठं भू-औष्णिक वीजक्षेत्र. 1960 मध्ये तिथे वीज सुरू झाली आणि मग एकामागून एक प्रकल्प उभे राहिले. 1987 च्या सुमारास उत्पादन शिखरावर पोहोचलं आणि नंतर घसरायला लागलं.

कारण उष्णता संपली हे नव्हतं. खडक गरमच होता. पाणी संपत होतं. वाफेतलं बरंचसं पाणी कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जात होतं आणि निसर्ग तेवढ्या वेगाने भरपाई करत नव्हता. दाब उतरला आणि क्षेत्राच्या काही भागांत वाफेतलं वायूंचं प्रमाण वाढलं. काही विहिरींच्या वाफेत हायड्रोजन क्लोराइड यायला लागला. तो ओल लागताच आम्ल होतो आणि लोखंडी पाइप खातो.

उपाय निघाला सांडपाण्यातून. 1997 पासून लेक काउंटीचं आणि 2003 पासून सांता रोझा शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने डोंगरावर नेऊन जमिनीत सोडायला सुरुवात झाली. सांता रोझाच्या पाइपलाइनची सुरुवातीची क्षमता दिवसाला 1.1 कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 4 कोटी लिटर होती. पाणी गरम खडकावर पडलं, त्याची वाफ झाली आणि जिथे ते पोहोचलं तिथल्या विहिरींच्या वाफेतलं वायूंचं प्रमाण कमी झालं. हायड्रोजन क्लोराइडचा त्रासही घटला, कारण तो वाटेतच पाण्यात विरघळू लागला. उत्पादनाची घसरणही मंदावली. लार्देरेल्लोतही 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी परत सोडलं जातंय आणि तिथेही वाफेतला वायू कमी झाल्याचं दिसलं.

म्हणजे पाणी ओतत राहायचं आणि झालं?

इतकं सोपं नाही. पाणी जास्त किंवा चुकीच्या जागी सोडलं तर ते तापायच्या आतच उत्पादन विहिरीपर्यंत पोहोचतं आणि साठा थंड होतो. सोडलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असली तर ऑक्सिजनने पाइप गंजतात आणि वाफेत नायट्रोजन वाढतो. म्हणजे एक वायू कमी करायला जावं आणि दुसरा वाढावा.

आणि भूकंप. गीझर्समध्ये पाणी सोडल्याने छोटे धक्के बसतात. बहुतेक इतके बारीक असतात की यंत्रालाच कळतात, पण काही आसपासच्या वस्त्यांना जाणवतात. पाणी आणि भूकंपाचं हे नातं महाराष्ट्राला नवं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर धरणाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो का, यावर जगभर अभ्यास झाला.

म्हणूनच वायू मोजत राहणं महत्त्वाचं ठरतं. साठ्यात काय बदलतंय हे खोदून पाहता येत नाही. पण सोडलेलं पाणी कोणत्या विहिरीपर्यंत पोहोचलं, ते वाफेतला वायू सांगतो. अनेकदा तापमान उतरण्याच्या आधीच.

मग कोकणात वीज होईल का?

देशाची भू-औष्णिक क्षमता सुमारे 10,600 मेगावॉट असल्याचा अंदाज सरकारी कागदपत्रांत अनेक वर्षं दिला जातो. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने राष्ट्रीय भू-औष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं. त्याआधी फेब्रुवारी 2021 मध्ये ओएनजीसीने लडाखमधल्या पुगासाठी करार केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात 1 मेगावॉटचा प्रकल्प ठरला होता. पुगा हिमालयात आहे. तिथे पृष्ठभागावरच पाणी उकळत्या तापमानाच्या जवळ असतं.

कोकणाचं चित्र वेगळं आहे. पाण्याच्या रसायनावरून काढलेल्या अंदाजानुसार इथे खोलवर साधारण 100 ते 150 अंशांचं पाणी असावं. एवढ्या तापमानावर वाफेचं टर्बाइन परवडत नाही. पण कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव वापरून वीज करता येते. अलास्कातल्या चेना इथे 2006 पासून सुमारे 74 अंशांच्या पाण्यावर असा प्रकल्प चालतो. तिथे थंडी कडाक्याची असते आणि गरम-थंडमधला फरक मोठा मिळतो. कोकणातल्या हवेत तो फायदा नाही.

इथे बुडबुडे पुन्हा कामाला येतात. ते नायट्रोजनचे आहेत, याचा एक चांगला अर्थ आहे: कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडची डोकेदुखी फारशी नसेल. दुसरा अर्थ सावध करणारा आहे. खाली शिलारसाची भट्टी नाही. सगळा खेळ भेगांतून मुरणाऱ्या पावसावर चालतो. त्यामुळे खरा प्रश्न 'खाली किती गरम आहे' हा नाहीच. 'किती पाणी काढलं तर पाऊस ते भरून देईल' हा आहे.

भेगा कुठून कुठे जातात हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर मिळणार नाही. नवीन पनवेलमध्ये मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रत्नागिरीतल्या गरम झऱ्यांच्या परिसरात चुंबकीय मोजमापं केली आहेत, ती याच कारणासाठी. खडकाच्या चुंबकत्वातल्या फरकावरून जमिनीखालच्या भेगांचा माग काढता येतो.

कुंडाजवळ राहणाऱ्यांचं काय?

वीज होवो न होवो, कुंडं आज वापरात आहेत. पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन उन्हेऱ्याला जाणारे भाविक आहेत, वज्रेश्वरीची यात्रा आहे, कुंडांच्या आधाराने चालणारी दुकानं आणि लॉज आहेत.

हे सगळं ज्या पाण्यावर उभं आहे, ते कुंडाच्या तळाशी तयार होत नाही. ते दूर कुठल्या तरी डोंगरउतारावर मुरतं. तो उतार काँक्रीटने झाकला, झाडोरा काढला किंवा झऱ्याच्या भेगेतच खोल बोअरवेल मारली, तर परिणाम लगेच दिसणार नाही. पाणी खाली जाऊन वर यायला खूप काळ लागतो. जेव्हा दिसेल तेव्हा दुरुस्तीलाही तेवढाच काळ लागेल.

आधी कळण्याचा एक मार्ग आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याचं तापमान, प्रवाह आणि बुडबुड्यांतला वायू मोजायचा. वायूत अचानक ऑक्सिजन दिसू लागला तर वरचं थंड पाणी किंवा हवा आत शिरतेय. हेलियम घटला तर खोलवरच्या पाण्याचा वाटा कमी झाला असू शकतो. कोकणात पहिली खोल भू-औष्णिक विहीर खोदण्याआधी अशा काही वर्षांच्या नोंदी हाताशी असायला हव्यात. नाहीतर पुढे कुंड निवलं तर ते विहिरीमुळे, बोअरवेलमुळे की कमी पावसामुळे, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. आणि मग भांडण गावात होईल.

थोडक्यात

- कोकणातल्या कुंडांतले बुडबुडे वाफेचे नाहीत. ते मुख्यतः नायट्रोजनचे आहेत आणि तो पावसासोबत खाली गेलेल्या हवेतला आहे.
- पुनर्भरण झालं की साठ्यातले वायू पातळ होतात, हवेतले वायू आत येतात आणि रासायनिक समतोल बदलतो.
- पाणी परत न सोडता वाफ काढत राहिलं तर वायूंचं प्रमाण वाढू शकतं आणि वीज घटते. गीझर्समध्ये हे घडलं आणि सांडपाणी सोडून ते बरंच सावरलं.
- कोकणात उष्णता आहे, पण मर्यादा पाण्याची आहे.

पुढच्या वेळी 'इथे पाणी उकळतं' असं रील दिसलं तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं आठवा: त्या बुडबुड्यात कधी काळी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाबरोबर खाली गेलेली हवा आहे.